पारवी मान हलवते

पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘पारवी मी हसते.’

भाची खुर्चीची पाठ धरून हसत सुटली. “अगं मावशी, ‘मी’ नाही लिहायचं! नाव खेळ आपणहून लावतो. तू नुसतं ‘हसते’ लिही.”

ऑपरेटरबाईंनी समजल्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा टाइप केलं. पडद्यावर आलं, ‘पारवी मी हसले.’ खेळातल्या सराईत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, एक शिकारी बसला होता. त्याने लगेच विचारलं, ‘पारवीबाई, ही तुमच्याबरोबरची मी कोण? धाकटी बहीण का?’

बाई खरोखर हसल्या. आवाज आला नाही, पण खांदे हलले. भाचीने ते पाहिलं आणि मुकाट्याने शेजारच्या यंत्रावर जाऊन बसली.

तेव्हा संगणक घरोघरी नव्हते. भाचीने बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर क्लास काढला होता. पाच-सहा यंत्रं, त्यांवर फुलाफुलांची कापडं आणि सतत घरघरणारा एक पंखा. संध्याकाळी क्लास सुटला की टेलिफोनच्या तारेने गावातले दहा-पंधरा जण एका खेळात जमत. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. नदी, जंगल, सराई, सगळं वाचून डोळ्यांसमोर आणायचं. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि त्या सोंगासारखं वागायचं. खरं नाव विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. बाई तिथे पारवी झाल्या होत्या.

बाईंना तिथे ओढून आणलं होतं ते त्यांचं गप्प होणं भाचीला बघवेना म्हणून. अर्धं आयुष्य त्या मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर होत्या. “हॉस्पिटल, बोला” हे त्यांचे दोन शब्द गावातल्या घराघराने ऐकलेले. चेहरा मात्र कुणी पाहिलेला नव्हता. दुकानात त्यांनी नुसता साबण मागितला तरी माणसं वळून बघायची, हा आवाज कुठे ऐकलाय म्हणून. मग घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. बोलायला तोंड उघडलं की वारा तेवढा निघे. हॉस्पिटलच्या साहेबांनी सहानुभूतीने त्यांना टायपिंगला बसवलं. भाचीच्या कानाशी कुजबुजणं सोडलं तर बाईंनी बोलणं टाकलंच होतं.

खेळात बोलायची आज्ञा ‘से’. ती बाईंना पहिल्याच दिवशी जमली. टायपिंगचा हात होताच, आणि एवढ्या महिन्यांनी आपलं वाक्य कुणीतरी पुरतं ऐकून घेतंय, याने त्यांना गुदगुल्या झाल्या. अडलं ते ‘इमोट’पाशी. ‘से’ म्हणजे बोलणं, ‘इमोट’ म्हणजे करणं. हसणं, उठणं, रुसणं, पाठ फिरवणं. बाईंची बोटं थबकत. पारवी हसते. पारवी उभी राहते. पारवी पुन्हा हसते. झालं, पुढे काय?

“मावशी, तुझी पारवी लाकडाची आहे गं,” भाची म्हणायची.

“मला कधी करावंच लागलं नाही काही,” बाई तिच्या कानाशी कुजबुजल्या. “सगळं आवाजावर भागायचं.”

शिकवलं ते नावाड्याने. खेळातल्या नदीवर एक जण होडी चालवायचा, नव्या माणसांना पैलतीरी न्यायचा. त्याने विचारलं, ‘हसता म्हणजे कशा हसता? तोंड भरून, की ओठ मिटून? आणि हसताना बघता कुठे?’

घरी जाऊन बाई आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हसून पाहिलं. ओठ मिटूनच हसत होत्या, आणि बघत होत्या खाली. मग त्यांना नादच लागला. पोस्टात, बसथांब्यावर, हॉस्पिटलच्या जिन्यात त्या माणसांचे हात बघू लागल्या. रागावलेला माणूस कानाची पाळी चोळतो. वाट बघणारी बाई पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा नीट करते. जन्मभर माणसं नुसत्या आवाजावरून ओळखली. त्या आवाजांना इतकी बोटं, इतक्या भुवया होत्या हे त्यांच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी ते सगळं पारवीच्या अंगात येई. ‘पारवी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते.’ सराईत बसलेले लोक वाहवा करत.

एकदा त्यांनी लिहिलं, ‘पारवी नावाड्यावर पाणी उडवते आणि तो रागावतो.’

नावाडी म्हणाला, ‘पाणी खुशाल उडवा. रागावलो की नाही, ते मला ठरवू द्या.’

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. पुढच्याच ओळीत आलं, ‘नावाडी वल्ह्याने दुप्पट पाणी उडवतो.’ माळ्यावर बसल्या बसल्या बाईंनी चक्क मान चुकवली.

असा वर्षभर खेळ रंगला. एका संध्याकाळी होडी सुटत होती आणि काठावरून कुणी नवखा धावत येत होता. बाईंच्या बोटांतून सवयीने निघून गेलं, ‘जरा थांबा हं, सोडू नका.’

होडी थांबली. नवखा चढला, पैलतीरी उतरला, गेला. मग नावाड्याकडून फक्त पारवीला दिसतील अशा ओळी येऊ लागल्या.

‘नियम मोडतोय, माफ करा. तुम्ही हॉस्पिटलच्या एक्सचेंजवर होतात का?’

बाईंनी हात मागे घेतले.

‘मी बस डेपोत मेकॅनिक आहे. बायको तिथे वॉर्डात होती. दुपारच्या सुटीत मी फोन करायचो. तुम्ही दरवेळी हेच म्हणायचात. जरा थांबा हं, सोडू नका. एक दिवस तुम्ही वॉर्डाला जोडलंच नाही. म्हणालात, फोनवर वेळ घालवू नका, मिळेल त्या गाडीने निघा. मी तसाच काळ्या हातांनी निघालो. तिने मला ओळखलं. अर्धा तास आम्ही बोललो. नंतर नाही.’

बाईंना आठवेना. खूप आठवून पाहिलं. असं त्यांनी कितीतरी जणांना सांगितलं होतं, आणि हा त्यांतला कोणता, हे आता कसं कळावं?

‘तुमचा नंबर द्या,’ नावाडी म्हणाला. ‘एकदा फोन करतो. दुसरं काही नको, तो आवाज एकदा ऐकू द्या.’

भाची मागे येऊन उभी राहिली होती. तिने ओळी वाचल्या. “मी बंद करू का गं? लाइन गेली म्हणून सांगू उद्या.”

बाईंनी नाही म्हणून हात केला. इथे त्यांना कुणी बिचारी म्हणत नव्हतं. या एकाच जागी त्यांचा आवाज शाबूत होता. खोटं सांगणं अगदी सोपं होतं. मी ती नव्हे, एवढंच लिहायचं. त्यांनी ‘से’ लिहिलं आणि खोडलं. मग सावकाश, एकेक अक्षर बघत, ‘इमोट’ लिहून पुढे टाइप केलं.

‘पारवी घशावर हात ठेवते. ओठ हलवते. काहीच ऐकू येत नाही. पारवी मान हलवते.’

पंखा घरघरत होता. मग ओळ आली.

‘नावाडी वल्ही आत ओढून घेतो. पारवीच्या शेजारी बसतो. होडी जाईल तिकडे जाऊ देतो.’

भाचीने डोळे पुसले आणि उगाचच एका यंत्रावरचं कापड सारखं केलं.

पुढे ते क्लासचे दिवस सरले. घरोघरी चित्रांचे खेळ आले, माळ्यावर कुणी फिरकेना. यंत्रं विकायची ठरली, तेव्हा भाचीने खेळातल्या सगळ्यांना चहाला बोलावलं. आली सात-आठ माणसं. शिकारी निघाला दातांचा डॉक्टर. तलवारीवाचून पाऊल न टाकणारी राणी ही शाळेतली शिपाईण होती. सगळे कप धरून अवघडून बसले. खेळात एवढी बडबड करणाऱ्यांना एकमेकांकडे बघता येईना.

बाई उठल्या. कपाळाला हात लावून त्यांनी राणीला लवून मुजरा केला. राणीने दचकून कप खाली ठेवला, आणि मग अशी हसली की सगळ्यांचीच भीड मोडली. कोपऱ्यातला एक उंच, पिकल्या केसांचा माणूस मात्र हसला नाही. त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि बाईंसाठी मोकळी ठेवली.

जिना उतरून दोघं बरोबरच निघाले. रस्ताभर तो बोलत होता, बायकोबद्दल, डेपोतल्या जुन्या गाड्यांबद्दल, गुडघ्याबद्दल. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी भुवया उंचावल्या की तो थांबून नीट समजावून सांगे.

वळणावर त्याला डावीकडे जायचं होतं. त्याने हात केला, बाईंनीही केला. तो दिसेनासा झाल्यावर त्यांना भाजी घ्यायची राहिल्याचं आठवलं आणि त्या बाजाराकडे परत फिरल्या.