पांढऱ्या कड्याच्या सहा बाटल्या

तिसऱ्यांदा तिने मोजणीची काचपट्टी स्पिरिटने पुसली, उजेडासमोर धरून पाहिली आणि सहाव्या बाटलीतला एक थेंब तिच्या कडेला सोडला. थेंब आपणहून आत ओढला गेला. मग ती मायक्रोस्कोपवर वाकली. पहिल्या चौकोनात हिरव्या पेशी पाच. दुसऱ्यात चार. तिसऱ्यात सहा होत्या, पण त्यातली एक उजव्या रेघेवर बसली होती. डाव्या आणि वरच्या रेघेवरची धरायची, उजव्या आणि खालच्या रेघेवरची सोडायची, असा नियम होता. तिने ती सोडली, थोडी जड मनानेच.

"किती?" सरांनी मागून विचारलं.

"पाच."

"आणि मघाशी?"

"मघाशीही पाचच होत्या. पेशी आहेत सर, त्या मत बदलत नाहीत."

सर प्रयोगशाळेचे प्रमुख होते. संकट आलं की ते चष्मा काढून पुसत. आज सकाळपासून तो इतका पुसला होता की आरपार दिसण्यापलीकडे त्याच्यात सुधारणेला वाव उरला नव्हता.

चाचणी साधी होती. एका कंपनीने चिकट भांडी आणि यंत्रं धुण्याचं नवं द्रव काढलं होतं. ते कारखान्यांत वापरलं जाणार, तिथून नाल्यात जाणार आणि नाल्यातून तळ्यात. तळ्यातल्या शेवाळाचं त्याने काय होतं, एवढंच पाहायचं होतं. एकवीस बाटल्यांत सारखंच शेवाळ सोडलं होतं, प्रत्येक चौकोनात सरासरी एक पेशी भरेल इतकं. पंधरा बाटल्यांत ते द्रव होतं, चढत्या पाच मात्रांमध्ये, प्रत्येक मात्रेच्या तीन बाटल्या. उरलेल्या सहांत काहीच नव्हतं. नुसतं पाणी आणि शेवाळाचं खाणं. या सहांना कंट्रोल म्हणत. विषाशिवाय शेवाळ किती वाढतं ते यांच्यावरून कळायचं, म्हणून तीन दिवसांत एकाच्या निदान सोळा पेशी इथे व्हायलाच हव्यात. नाही झाल्या तर सगळी चाचणी बाद.

कंट्रोलमध्ये पाच होत्या. सर्वांत कमी मात्रेच्या बाटल्यांत बेचाळीस. म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर या द्रवाने शेवाळ बाळसं धरत होतं आणि शुद्ध पाण्याने खुरटत होतं.

पहिल्या दिवशीही कंट्रोल मागेच होतं. पण शेवाळ कधी कधी नव्या पाण्यात रुळायला वेळ घेतं, नव्या सुनेसारखं, म्हणून तिने तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीची मोजणी सरांनी केली होती आणि शेरा लिहिला होता, 'वाढ सावकाश, पण स्वभाव चांगला.'

"यंदाची तिसरी," सर म्हणाले.

ते सांगायची गरज नव्हती. पहिली चाचणी वीज गेल्यामुळे बाद झाली होती. दुसरी बाद झाली ती भेटीला आलेल्या एका पाहुण्याने आपली भिजलेली टोपी बाटल्यांवरच्या दिव्यावर वाळत घातल्यामुळे. तिसरी बाद झाली तर प्रयोगशाळेची मान्यता काढून घेण्यात येईल, असं पत्र आलं होतं आणि ते भिंतीवर टाचलेलं होतं. मान्यता नाही तर काम नाही. चौदा माणसं घरी बसणार. त्या चौदांत ती होती आणि तिची सासूही होती. नवऱ्याची कागद गिरणी गेल्या वर्षीच बंद पडली होती. तो सध्या स्वयंपाक शिकत होता आणि घरातले सगळे धीर धरून होते.

"हसरा आलाय बाहेर," सर म्हणाले. "अकराला निकाल हवाय त्याला. बाराला पुढे सादर करायचाय."

कंपनीच्या प्रतिनिधीला प्रयोगशाळेत सगळे हसरा म्हणत. दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "असं बघ. कमी मात्रेच्या बाटल्या तीन, त्यात बेचाळीस. दुसऱ्या मात्रेच्या तीनही त्याच आसपास आहेत, त्याही धर. त्या सहांना कंट्रोल म्हण. आत्ताच्या कंट्रोलला म्हण मधली मात्रा. सगळं जागच्या जागी बसतं. द्रव थोडं विषारी आहे, असा निकाल निघतो, आणि तो खराच असणार."

"कंट्रोलच्या बाटल्यांना पांढरं कडं आहे, सर."

हे खरं होतं. कंट्रोलच्या बाटल्यांना कधी चुकूनही विषाचा स्पर्श होऊ नये म्हणून त्या सहा बाटल्या कायमच्या वेगळ्या ठेवलेल्या असत. मानेभोवती पांढऱ्या रंगाचं कडं काढलेलं असे, आणि त्या फक्त कंट्रोललाच वापरायच्या.

"कागदावर कडं दिसत नाही," सर म्हणाले. लगेच त्यांनी चष्मा काढला.

तिने भिंग बदललं, मोठं लावलं, आणि पुन्हा वाकून पाहिलं. इतका वेळ ती पेशी मोजत होती. आता तिने त्या नीट पाहिल्या. त्या फुगल्या होत्या. हिरवा रंग एका बाजूला गोळा झाला होता आणि बाकीची पेशी फिकट पडली होती. उपाशी शेवाळ असं दिसत नाही. अंधारात राहिलेलंही नाही. तिने काचपट्टी पुसली आणि तिसऱ्या मात्रेच्या बाटलीतला थेंब लावला. तशाच फुगलेल्या, तशाच फिकट. दोन्हीकडे एकाच हाताने मारल्यासारख्या.

"दहा मिनिटं द्या मला," ती म्हणाली आणि उठली.

धुलाईची खोली बोळाच्या टोकाला होती. सासू मोरीसमोर उभी राहून काचेची नळी उजेडाकडे धरून आत डोकावत होती. नेहमीची धुणारी बाई लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा महिन्याभरासाठी सासूचं नाव सुनेनेच सुचवलं होतं. घरातल्या ताटांवरची नक्षी सासूच्या हातून पाचेक वर्षांपूर्वीच धुऊन गेली होती. याहून मोठं प्रशस्तिपत्र सरांनी मागितलं नव्हतं.

"बोला मॅडम," सासू म्हणाली. कामावर ती सुनेला मॅडम म्हणे, आणि असं म्हणे की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी सांडलंय असं वाटावं.

"आई, पांढऱ्या कड्याच्या सहा बाटल्या कशाने धुतल्या होत्या?"

"का? डाग राहिला?"

"डाग नाही. कशाने धुतल्या?"

"तुमच्या त्या आम्लात रात्रभर बुडवल्या. सांगितलं तसंच."

"आणि मग?"

"मग धुतल्या." सासूने नळी खाली ठेवली. "बुडवणं म्हणजे काय धुणं असतं का गं? वास मारत होत्या. तूच म्हणालीस ना, सगळं या सहांवर अवलंबून आहे म्हणून? बाकीच्यांत विषच ओतायचं होतं, त्यांना कशाला चोळत बसू? या सहांना मात्र पोरीला न्हाऊ घालावं तसं घातलं."

"कशाने?"

सासूने पायाने मोरीखालचा डबा पुढे ढकलला. डब्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि पानावर एक हसरा दवबिंदू. प्रतिनिधीने पहिल्या भेटीत सगळ्यांना एकेक डबा भेट दिला होता. सुनेचा अजून कपाटात तसाच पडून होता.

सून तिथेच उलट्या बादलीवर बसली.

"काय झालं?"

"चाचणी याचीच आहे, आई. हे शेवाळाला मारतं का, ते बघायचं होतं. आणि ज्या बाटल्यांत हे अजिबात नको, त्यांतच..."

नळ थेंब थेंब गळत होता. सासूने तो घट्ट पिळून बंद केला.

"तीन पाण्यांनी खंगाळल्या मी," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तीन. बोटांनी काच कुरकुरली तेव्हा थांबले."

"हो."

"सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार?"

"मी बघते," सून म्हणाली. "तुम्ही इथेच थांबा. बाहेर येऊ नका."

परत येऊन तिने नोंदवही उघडली. चाचणी बाद झाली तर भरायचं पान वेगळं होतं. बाद झाल्याचं कारण. चूक झाली ते ठिकाण. बाटल्या धुणाऱ्याची सही. तिने 'ठिकाण' या रकान्यात 'धुलाई' लिहिलं आणि सहीच्या जागी स्वतःची सही केली. सही नेहमीसारखीच आली, म्हणजे न वाचता येण्यासारखी.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले.

तिने काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे कुणालाच कळणार नाही. अगं, माझं ऐकलंस तर आकडेसुद्धा जुळतात."

"जुळतात, सर. तेच तर वाईट आहे."

तेवढ्यात दार उघडलं आणि हसरा आत आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाण्याचा अर्धा ग्लास. "मंडळी, पावणेअकरा!" तो म्हणाला. "निकाल कसाही असो, मला आवडेलच."

त्याच्या मागोमाग, थांबायला सांगितलं होतं ती सासू दारात उभी राहिली. रबरी हातमोजे तसेच हातात होते.

"साहेब," ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमच्या या द्रवाने भांडी घासली, तर किती पाण्यांनी विसळायची?"

हसऱ्याचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला आजवर फुकटात कुणी विचारला नव्हता. "एकदाच, ताई! डब्यावरच छापलंय. एकदा विसळलं की झालं. पाण्याची केवढी बचत!"

"मी तीनदा विसळलं."

"अरे वा! मग तर काय, आरशासारखी निघाली असतील."

"निघाली ना. ती बघा."

ती सहा बाटल्यांकडे बोट दाखवत होती. शेजारच्या बेचाळीसवाल्या बाटल्या हिरव्यागार होत्या. पांढऱ्या कड्याच्या सहांतलं पाणी असं दिसत होतं की कुणीतरी त्यात हिरवा रंग घालायचा विचार करून सोडून दिला असावा.

"त्यांत तुमचं द्रव घातलंच नव्हतं," सून म्हणाली. "नुसत्या त्याने धुतल्या होत्या."

हसऱ्याचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पाहुणे उठून गेल्यावर मांडून राहिलेल्या खुर्च्यांसारखं. मग त्याने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं.

"हा ग्लास..."

"मीच धुतलाय," सासू म्हणाली. "पण तो एकदाच विसळलाय. डब्यावर लिहिल्याप्रमाणे."

त्याने ग्लास अगदी अलगद टेबलावर ठेवला. "पण बाद चाचणीचा निकाल देत नाहीत," तो सरांकडे वळून म्हणाला. "नाही ना? बाद म्हणजे बाद. असं काही झालंच नाही."

"निकाल देत नाहीत," सरांऐवजी सून म्हणाली. "कारण मात्र लिहावं लागतं. आणि ते मान्यता देणाऱ्यांकडे जातं."

"पण मग तुमचीच..." तो म्हणाला आणि थांबला. भिंतीवरचं पत्र त्याच्या अगदी नाकासमोर होतं.

"हो," ती म्हणाली. "आमचीच."

हसऱ्याने बॅग उचलली, एक फोन करून येतो म्हणाला आणि गेला.

सासू टेबलाशी आली होती. मान मागे घेऊन, डोळे बारीक करून ती उघडं पान वाचत होती. "बाटल्या धुणाऱ्याची सही," ती मोठ्याने म्हणाली. "इथे तुझी कशी?"

"राहू द्या ना, आई."

"तू धुतल्यास?"

"आई, मी अकरा वर्षं आहे इथे. माझ्या नावावर एक चूक खपून जाईल. तुम्हाला आत्ता महिना..."

"पेन दे."

"खाडाखोड चालत नाही यात."

"मग काय चालतं?"

सुनेने सरांकडे पाहिलं. सर चष्म्याशिवाय खिडकीबाहेर बघत होते, म्हणजे त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"एक आडवी रेघ मारायची," ती अखेर म्हणाली. "खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला तारीख."

सासूने हातमोजे काढले, पदराला हात पुसले आणि सुनेच्या सहीवर एक सरळ रेघ ओढली. पट्टी लावल्यासारखी आली. मग खाली एकेक अक्षर सुटं काढत तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे तू लिही. माझं अक्षर मोठं येतं. आणि तीनदा विसळलं तेही घाल. उगाच कमी नको सांगायला."

सून लिहू लागली. लिहून झाल्यावर सरांनी वही आपल्याकडे ओढली. पान वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा डोळ्यांवर होता. 'दुसऱ्या दिवशीची मोजणी' या ओळीपाशी त्यांचं बोट थांबलं. ती त्यांनीच केली होती. तिथे त्यांनीही आपली सही केली. मग त्यांनी फोन जवळ घेतला आणि पत्रावरचा क्रमांक शोधू लागले.

"त्यांना काय सांगणार?" सुनेने विचारलं.

"आहे ते," सर म्हणाले. "तुम्ही दोघी जा. मला माणसांसमोर फोनवर बोलता येत नाही."

धुलाईच्या खोलीत सासूने पांढऱ्या कड्याच्या सहा बाटल्या रिकाम्या करून ओळीने मांडल्या. बाह्या वर सारल्या आणि मोरीसमोरून बाजूला सरकली, तिथे दुसरं माणूस उभं राहू शकेल इतकी.

"आता तू दाखव," ती म्हणाली. "तुमच्याकडे कसं धुतात."

"आम्लानंतर आठ वेळा. फक्त शुद्ध केलेल्या पाण्याने. हात आत घालायचा नाही."

"आठ?"

"आठ."

"आणि चाचणीच बंद झाली तर कशाला धुवायच्या?"

सुनेने पहिली बाटली उचलली, पाणी घातलं, गोल फिरवून ओतलं.

"एक," सासू म्हणाली.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला सरांचा फोन लागला असावा. घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग सर म्हणाले, "आमची तिसरी चाचणीही बाद झाली आहे. कारण सांगतो, लिहून घ्या."