धाकट्या जावेचं सुख

माझ्या धाकट्या जावेवर मी जळते, हे आधीच सांगून टाकते. लपवायला गेले तरी माझ्या तोंडावर दिसतंच. तिचा नवरा फौजेत, माझा सरकारी कचेरीत कारकून. सख्खे भाऊ, घर एकच, ती खाली आणि आम्ही वर. तिचा फ्रिज कॅन्टीनमधून स्वस्तात आला, आमचा हप्त्यांनी. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन फौजी दवाखान्यात फुकट झालं. माझ्या दाताचं बिल यांनी कचेरीत दिलं, ते अजून साहेबांच्या टेबलावर झोपलंय. मग पोटात दुखणार नाही तर काय होणार? लग्न झाल्यापासून रोज जेवताना मी हेच तुणतुणं वाजवत आले. हे आपले मूग गिळून जेवायचे.

आणि आता माझी लेक फौजेत निघाली. निवड दोन्हीकडे झाली होती, यांच्या खात्यातही आणि फौजेतही. उद्यापर्यंत कळवायचं होतं. मी म्हटलं, कचेरी धर, घरी राहशील. तर म्हणते, "आई, तूच म्हणायचीस ना, पगार त्यांचा, मान त्यांचा? बाबांना काय मिळतं?"

घ्या. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. एकुलती एक पोर, ती गेली तर या घरात मी बोलू कोणाशी?

शेवटी नाक मुठीत धरून खाली गेले. जाऊ पाना घेऊन एकटीच नळाचा वायसर बदलत होती.

"अगं, तिला जरा समजाव. तुमचे काय हाल होतात ते सांग."

"आमचे हाल विचारायला तुम्ही आज पहिल्यांदाच आलात, ताई," ती हात पुसत म्हणाली.

टोमणा गिळला. अडला हरी, दुसरं काय.

वर आल्यावर मात्र ती मनापासून बोलली. हे नुकतेच कचेरीतून येऊन चहा पीत बसले होते. "हे बघ," ती माझ्या लेकीला म्हणाली, "काका पन्नाशीच्या आतच निवृत्त होतील. पेन्शन बेताची, मग कुठल्या तरी गेटवर नोकरी शोधायची. बाबा साठीपर्यंत खुर्चीत. आमचा भत्ता तुम्हाला दिसतो, तो बर्फात उभं राहण्याचा असतो. मला कावीळ झाली तेव्हा उशाशी बसायला भत्ता नाही आला. संध्याकाळी तुझ्या बाबांची स्कूटर वाजली की मी दार लावून घ्यायचे. बघवायचं नाही मला."

खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. ही माझ्यावर जळत होती! इतकी वर्षं! लेकीचा चेहरा पडला होता. म्हटलं, जिंकले.

तेवढ्यात लेकीनं विचारलं, "काकू, पुन्हा लग्न करायचं झालं तर काकाच?"

"मग दुसरं कोण?" जाऊ म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. आणि एवढी मोठी बाई, पण कानापर्यंत लाल झाली.

फ्रिज गेला खड्ड्यात. तसं लाल मला कधी कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लेक माझ्याकडे वळली. आता हिचा प्रश्न मला येणार, हे कळलंच. माझं उत्तर तयार होतं हो, शपथ घेऊन सांगते. "यांच्याशीच" म्हणणार होते. हे रोज भाजी घेऊन येतात, माझं डोकं दुखलं तर कचेरी बुडवून बसतात. हे सगळं मी सांगणार होते.

तिनं एकदा बाबांकडे बघितलं. ते कपात बघत बसले होते, कानात प्राण आणून. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलंच नाही. बापाची दया आली असावी तिला.

"काकू, तिकडे जाताना बूट कुठले घ्यायचे?" असं म्हणत ती उठली आणि जावेबरोबर खाली गेली. यांनी आपला रिकामा कप उचलला, माझाही उचलला, आणि धुवायला घेऊन गेले.