नवसाचा कोंबडा आणि चांदीची पाठ

आमचा कोंबडा देवाचा आहे, असं आमचे हे ज्याला त्याला सांगतात. असेल. पण देवाचा आहे म्हणून त्यानं माझ्या कोंबड्यांची पिसं उपटावीत, हे मला कधी पटलं नाही.

मी लीलाबाई. भातकुलीला घरीच ब्लाउज शिवते. अंगणात पाच कोंबड्या आणि हा एक. कोंबड्या पाच असल्या तरी त्याचा सगळा डोळा चांदीवर. चांदी गरीब, राखाडी-पांढरी, मशीनच्या पायडलपाशी येऊन बसणारी. दिवसातून दहादा तो तिच्यावर चढायचा, चोचीनं मानेची पिसं धरायचा आणि नखांनी पाठ ओरबाडायचा. संक्रांतीपर्यंत तिच्या पाठीवर एक पीस उरलं नाही. उघडी लाल कातडी, आणि तिच्यावर दोन चरे. मी हळद आणि तेल लावायची आणि मनातल्या मनात त्याचा रस्सा करायची.

रस्सा करता येत नव्हता. मागच्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली, तेव्हा यांनी मरीमायला कोंबड्याचा नवस बोलला होता. चैत्रात द्यायचा. आमच्याकडे बोललेलं जनावर मोकळं ठेवतात. त्याला बांधायचं नाही, कोंडायचं नाही, त्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. म्हणजे नखंही कापायची नाहीत. रात्रीसुद्धा हे महाराज जांबाच्या झाडावर झोपत. मग मी कोंबड्यांनाच खुराड्यात ठेवून पाहिलं, तर त्यांनी ओरडून ओरडून गल्ली डोक्यावर घेतली. शिवाय गुन्हा त्याचा आणि कोंडवाडा त्या बिचाऱ्यांना, हे माझ्यानं बघवेना.

यांना सांगायला गेलं की एकच उत्तर, "चैत्रापर्यंत थांब."

"तिची कातडी थांबून राहिली का चैत्रापर्यंत?" मी म्हणायची. हे उठून पानठेल्यावर जायचे.

अकोल्याला दिलेली माझी लेक पौर्णिमा, तिनं फोनवर उपाय सांगितला. "आई, बैलाले असते तशी झूल शिव तिले. जाड कापडाची. पंखाखालून इलास्टिक घे."

तीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. टेप घेऊन चांदीचं माप घेतलं, पाठ, बाजू, पंखाचा घेर. एका गिऱ्हाइकाचं लाल कापड उरलं होतं, तिच्या रंगावर खुलेल म्हणून तेच लावलं. कडेला बारीक पायपिंगसुद्धा केली. घातल्यावर इतकी देखणी दिसली की मी पौर्णिमाला फोटो पाठवला. शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या, "पोळा लवकर आला वाटते तुमच्या घरी."

तासाभरानं बाहेर येऊन बघते तर उरलेल्या चौघी मिळून चांदीला टोचत होत्या. कोंबडीला लाल दिसलं की ती चोच मारते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण शिवायला बसले की मला फक्त कापड दिसतं. मला माझाच राग आला. झूल फाडून टाकली आणि यांच्या जुन्या खाकी पँटची दुसरी शिवली, ढगळ, बिनपायपिंगची.

ती मात्र लागू पडली. नखं कापडावर घसरायची. पंधरा दिवसांत झुलीखाली नव्या पिसांच्या काड्या दिसायला लागल्या. मी रोज झूल उचलून बघायची आणि बरं वाटायचं.

पण झूल पाठ झाकते, मान नाही. एका दुपारी चांदी मशीनमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. मानेवरचं कातडं फाटलं होतं. दाणे टाकले, ढुंकून पाहिलं नाही. ज्वारी पाण्यात भिजवून दिली, तीही तशीच राहिली. गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, कोंबडा तीन आठवडे लांब ठेवा, नाहीतर ही काही राहत नाही.

संध्याकाळी मी यांच्यासमोर उभी राहिले.

"अजी, त्याले तीन हप्ते बांधा."

"बांधाचं नाही म्हनलं ना तुले."

"मंग माही कोंबडी मरू द्याची का? तुमाले तिची दया कावून येत नाही?"

हे पायरीवर बसून बोटानं रेघा ओढायला लागले. "येते," म्हणाले. "पन तू तवा गुंगीत होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. मले वाटलं, आता तू काई घरी येत नाही. तवा बोललो मी. आता याले बांधलं अन् तुयं दुखनं वापस आलं, तं मी काय करू?"

इतके दिवस मी या माणसाला निर्दयी म्हणत होते. तोंडावरसुद्धा म्हटलं होतं. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

मी विचारलं, "नवस कोनासाठी केला?"

"तुयासाठी."

"मंग मी बांधते. मरीमायले काई इचारायचं असन तं ते मलेच इचारन."

परकराची लांब नाडी घेतली आणि त्याला जांबाखाली सावलीत बांधला. पाणी ठेवलं, दाणे ठेवले. हे तोंड फिरवून उभे राहिले, पण मला अडवलं नाही.

चौथ्या दिवशी चांदीनं माझ्या हातातली ज्वारी खाल्ली. मी तिथंच बसून रडले. इकडे यांचं रोज सकाळी सुरू झालं. चहाआधी माझ्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "बरं वाटते ना?"

दुसऱ्या आठवड्यात माझी कंबर धरली. मशीनवर बसून नेहमी धरते तशीच. एरवी मी कण्हून घर हलवलं असतं. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात मरीमाय येऊन गेली. कोंबडा अजून बांधलेला होता, आणि चांदीच्या मानेवरची खपली ओली होती.

हे दारात उभे होते. "बरं वाटते ना?"

"मस्त वाटते," मी म्हणाले, आणि चांदीला उचलायला खाली वाकले.