ओहोटीला फोडलेला दांडा

नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आडवा पडून महिना झाला होता. बाहेर समुद्र, आत नदी. आणि दांड्यामागे अडलेल्या डोहात, पावसाळ्यापर्यंत वस्तीला पुरतील एवढे मासे. डोहाच्या खोलीला जाळे पुरत नव्हते, म्हणून दांडा फोडायचा, याविषयी कुणाचे दुमत नव्हते. भांडण होते ते केव्हा, यावर.

"उधाणाला फोडा," थोरले भाऊ चौथ्यांदा म्हणाले. "समुद्र डोहाच्या बरोबरीला आला की पाणी हळूच आत येईल, मासाही आणेल. आत्ता ओहोटीला फोडलंत तर अख्खा डोह बाहेर जाईल."

"जाऊ दे की! खणू त्या चराच्या तोंडाशी जाळं आहे ना?" धाकटा भाऊ हसला. "मासे आपल्या पायांनी घरी येतील."

"माशांना पाय फुटतील रे, तुला अक्कल कधी फुटायची?"

सारे हसले. धाकट्याची बायको तेवढी हसली नाही. रिकामी टोपली आपटून ती म्हणाली, "दादा, उधाणाला अजून सहा दिवस. तोवर चुलीवर काय, तुमचा उपदेश शिजवू?"

थोरल्यांच्याही घरची चूल सकाळपासून थंडच होती. पहिला घाव वयाने वडील असेल त्याने घालायचा, ही वस्तीची रीत. फावडी रोवून सगळे थांबले होते. थोरल्यांनी एकदा समुद्राकडे पाहिले आणि पहिला घाव घातला.

चर हातभर होता तोवर आनंदीआनंद होता. पहिली टोपली भरली, दुसरी भरत आली. मग कडा ढासळू लागल्या. हातभराचा चर गाडी जाईल एवढा झाला. जाळ्याचा एक खुंट उपटला, पाठोपाठ दुसरा. जाळे सोडीना म्हणून धाकटा फरफटत निघाला. थोरल्यांनी मानगूट धरून त्याला ओढला नसता तर तोही गेला असता.

दुपारी डोहाच्या जागी चिखल होता.

"एवढं कळत होतं," चिखलाने माखलेला धाकटा ओरडला, "तर आम्हाला अडवलं का नाहीत? मोठे कशाला झालात?"

कुणीही त्याला गप्प केले नाही.

धोतराचा सोगा खोचून थोरले चिखलात उतरले आणि भावजयीच्या शेजारी वाकून माशांची बोटभर पिल्ले वेचू लागले. तिने आपली टोपली त्यांच्यापासून दूर, दुसऱ्या बगलेकडे सरकवली.