श्वेमेईला हाक कुणी मारली?

मित्रांनो, मी एक जुने नाव आहे. श्वेमेई. श्वे म्हणजे बर्फ आणि मेई म्हणजे आमच्या डोंगरातले एक हट्टी झाड. बाकीची झाडे थंडीत अंग चोरून उभी असतात, तेव्हा हे पानांचीही वाट न पाहता बर्फातच फुलते. शहाऐंशी वर्षांपूर्वी शीलिंग गावातल्या सुताराला ऐन हिमवर्षावात मुलगी झाली. अंगणात मेई फुलली होती. मी जन्माला यायला एवढे पुरले.

पहिली अठरा वर्षे मी खूप राबले. तिन्हीसांजेला मुलीची आई माझा असा काही पुकारा करी, की ओढ्यापलीकडची बदकेही घरी जात. मग मुलीचे लग्न झाले. ती आधी 'धाकटी सून' झाली, मग 'गुओलिआंगची आई', शेवटी नुसती 'आजी'. वडीलधाऱ्यांचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, ही आमची रीत. आदर इतका झाला, की माझा श्वास कोंडला. मी कपाटातल्या सरकारी नोंदीच्या कुटुंबपुस्तिकेत पडून राहिले. म्हातारीबरोबर आपणही संपणार, हे मला दिसतच होते.

यंदा नातवाला, योंगफूला, मुलगी झाली. महिना भरला, रीतीप्रमाणे बारशाची लाल अंडी वाटली गेली आणि पाहुण्यांसमोर योंगफू ऐटीत म्हणाला, "बाहेर बर्फात मेई फुललीय, पोरीचं नाव श्वेमेई!"

मी हुरळले. पुन्हा एक कोरे आयुष्य!

गुओलिआंगच्या हातातल्या जेवणाच्या काड्या गळाल्या. "गाढवा, आजीचं नाव ठेवतोस? उद्या पोरीवर खेकसशील, ते कुणावर?"

"आजीला नाव आहे, हे मला कधी सांगितलंत, बाबा?"

दोघे माफी मागायला आजीपुढे वाकले. दहा वर्षांत फटाक्यांनीही न दचकलेली बहिरी आजी ताठ बसली होती.

"मला हाक कुणी मारली?"

"चुकलो, आजी!" योंगफू तिच्या कानाशी ओरडला. "दुसरं नाव ठेवतो."

"ठेवच. हे माझं आहे, मी देणार नाही." मग हळूच म्हणाली, "पण एकदा पुन्हा म्हण."

योंगफूने बापाकडे पाहिले. बापाने छताकडे पाहिले.

"श्वेमेई."

"आले गं, आई," म्हातारी म्हणाली.

बाळाचे नाव तिनेच ठेवले, नुआन. म्हणजे ऊब. बर्फानंतर तीच तर लागते.

मला नवे घर मिळाले नाही. जुनेच पुन्हा उघडले. मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी नुसती 'आजी' असेल. तिचे नाव विचारून ठेवा. अंडी वाटण्याआधी विचारलेत तर उत्तम.