दिव्याची बाजू, खडकाची बाजू

दुकानदाराने दोन्ही वस्तू घरी नेऊन वापरून बघायला दिल्या, आणि आमच्या घरात दोन तट पडले. धाकट्या सुनेला हवी होती झूमची दुर्बीण, दोन डोळ्यांना लावायची, चाक फिरवलं की लांबचं जवळ आणणारी. जावईबापूंना हवा होता टेलिस्कोप, तिपाईवरचा, एका डोळ्याने बघायचा. दोघं वाद घालत होते आणि मी ऐकत होते, कारण शेवटी घ्यायचं काय ते मीच ठरवणार होते. या घरात भांडायची मुभा सगळ्यांना आहे, ठरवायची नाही.

आमच्या माडीच्या खिडकीतून खाडीचं तोंड दिसतं. तिथे पाण्याखाली वाळूचा बांध आहे आणि तो एका जागी राहत नाही, चंचल नवऱ्यासारखा. होडीतून येणाऱ्याला लाटांची नुसती पाठ दिसते, त्या कुठे फुटतात ते जमिनीवरूनच कळतं. म्हणून खिडकीत बसून वायरलेसवर वाट सांगायची, हे आमच्या घराचं काम. माझी सासू त्या खिडकीत फडकी हलवायची, तिच्यानंतर मी बसले. डावं-उजवं आम्ही कधी म्हणत नाही, कारण होडीतल्याचं डावं ते आमचं उजवं. खिडकीतून उजव्या हाताला दीपगृह आहे, डाव्या हाताला काळा खडक. म्हणून दिव्याची बाजू किंवा खडकाची बाजू, एवढंच बोलायचं.

इतकी वर्षं मला काच लागली नाही. मागच्या वादळाने बांध पार बाहेर ढकलला आणि लाटा कुठे फुटतात ते दिसेना. डोळे कमी झाले म्हणायचं कारण नाही. वाळू लांब गेली.

त्या दुपारी वारा चढला होता. आमचा धाकटा होडी घेऊन बाहेर होता. वायरलेस खरखरला.

"आई, इंजिन खोकतंय. खाली पाणी येतंय. बाहेर थांबता येणार नाही, मला आत घे."

"घेते," मी म्हटलं. "घाई करू नकोस."

सून स्वयंपाकघरातून ओल्या हातानेच वर धावत आली. जावईबापूंनी टेलिस्कोप आधीच मांडून ठेवला होता. त्याच्या मागच्या टोकाला बाक दिलेली छोटी नळी होती, म्हणजे मान न वाकवता खुर्चीत बसून वरून बघता यावं. त्यांनी होडीवर नेम धरला आणि बाजूला झाले. "बसा, आई. आता फक्त बघा."

मी डोळा लावला आणि माझा मुलगा समोरच्या अंगणात उभा असावा तसा दिसला. रेनकोटचा फाटका खिसासुद्धा दिसला. होडीच्या पुढे सगळीकडे फेस, आणि नळीत दिसणाऱ्या गोलाच्या डाव्या कडेला काळ्या सपाट पाण्याचा एक पट्टा. तीच वाट. डावीकडे, म्हणजे खडकाकडे.

"खडकाची बाजू घे," मी सांगितलं.

"घेतो."

सून खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून दुर्बिणीतून बघत होती. "आई, नाही. सपाट पाणी दिव्याकडे आहे. खडकाकडे फुटतंय."

"तूच म्हणालीस ना सकाळी, तुझ्या त्या दुर्बिणीत सगळं थरथरतं?"

"चाक शेवटपर्यंत फिरवलं तर थरथरतं, आणि अंधारतंसुद्धा. मी पार मागे आणलंय. बारीक दिसतं, पण दिवा, होडी, खडक, तिन्ही एकदम दिसतात."

"मला त्याचा खिसा दिसतोय."

"खिसा काय करायचाय, आई? पाणी बघा."

लग्न होऊन आल्यापासून तिने मला असं उत्तर दिलं नव्हतं. जावईबापू खाकरले. "टेलिस्कोपमध्ये कितीतरी मोठं दिसतं, वहिनी. आईंना जास्त स्पष्ट दिसत असणार."

मी पुन्हा डोळा लावला. होडी वळली होती, पण भलतीकडेच. सपाट पट्टा डावीकडे आणि हा उजवीकडे सरकतोय.

"अरे, मी सांगते एक आणि तू करतोस एक. खडकाकडे घे म्हटलं ना."

"खडकाकडेच चाललोय, आई."

"अजून घे मग."

"अजून?" त्याचा आवाज बदलला. "आई, मला खडक दिसतोय. जवळ आहे."

सुनेने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. अगदी हळू म्हणाली, "तुम्ही त्यांना खडकावर घालताय."

एवढ्यात होडीवर लाट आली. फेस उतरला तेव्हा तो सुकाणूला चिकटून उभा होता, उजव्या हाताने. मला वाटलं, डावा हात दुखावला की काय याचा. कारण हे पोर जन्माचं डावखुरं. लहानपणी मी मारमार मारलं तरी उजव्या हाताने घास उचलला नाही त्याने, तो सुकाणू उजव्या हातात देईल? मी दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तोही धडधाकट, त्या हाताने तो डोळ्यांवरचं पाणी निपटत होता.

"जावईबापू, ह्या नळीत आरसा आहे का?"

"त्या बाकात आहे एक. का?"

"डावं-उजवं फिरवतो?"

त्यांनी बाकाला हात लावून बघितला. मग म्हणाले, "दुकानदार म्हणाला होता काहीतरी. ताऱ्यांना फरक पडत नाही म्हणाला."

मी वायरलेस तोंडाशी धरला. "वळव. दिव्याची बाजू. दिव्याची."

"आई, एक काय ते ठरव." पाठोपाठ इंजिनाचा ठसका ऐकू आला.

दर वेळी उलट करून सांगायचं म्हटलं तर मधे एक श्वास जातो, आणि त्या पाण्यात एका श्वासात होडी आडवी होते. मी वायरलेस सुनेच्या हातात दिला.

"तू बघतेस, तूच बोल."

तिने एका हाताने दुर्बीण धरली, कोपर चौकटीत रोवलं. नवऱ्याशी ती एरवी माझ्यासमोर मोठ्याने बोलत नाही. आता बोलली.

"अहो, मी बोलतेय. दिव्याकडे. अजून. अजून थोडं. आता सरळ. थांबा, मागून मोठी येतेय, तिला पुढे जाऊ द्या."

"इंजिन बंद पडलं तर?"

"पडलं तर बघू. आत्ता चालू आहे ना? आता या. या. दिव्याकडे जरा. या."

मी नुसत्या डोळ्यांनी बघत होते. पांढऱ्यात पांढरं, दुसरं काही नाही. काचेला डोळा लावायची हिंमत होईना. जावईबापूंनी तिपाईचा पाय घट्ट धरून ठेवला होता, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

"आत आले," सून म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तो घरात आला तो निथळत. टॉवेल घेण्याआधीच विचारलं, "खडकाकडे कोण पाठवत होतं मला?"

"मी," मी म्हटलं.

जावईबापू मधे पडले. "चूक माझी आहे. सरळ नळीला वाकून बघावं लागतं. आईंची मान धरते, म्हणून मुद्दाम बाकाची घेतली."

त्यांना काय बोलणार? माझ्याच मानेचा विचार केला बिचाऱ्यांनी.

"बाक काढून सरळ बसवून मिळेल," ते म्हणाले. "नुसत्या सरळ नळीत सगळंच उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. पण सुलटं करणारी काचही मिळते."

"मिळू दे. तरी दिवा आणि होडी एका गोलात मावायची नाहीत. पोराच्या खिशाचं भोक बघून होडी आत येत नाही, जावईबापू. तारे बघायला ठेवा तुमच्या घरी, नाहीतर परत करा."

"म्हणजे दुर्बीण ठेवायची?" सुनेने विचारलं.

"मग काय मी गाणं म्हणतेय?"

तिने ती खिडकीत ठेवली आणि म्हणाली, चाक कोणीतरी फिरवेल, पोरं तर नक्कीच, आणि ऐनवेळी सगळं थरथरायला लागेल. मी औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी काढून तिच्या हातात दिली. तिने चाक पार मागे घेतलं, वरून पट्टी दाबून बसवली आणि खिडकीतली माझी खुर्ची स्वतःला बरी पडेल अशी जरा पुढे ओढली.

मी खाली जाऊन पोराचे ओले कपडे पिळायला घेतले.