चेंडू खाली ठेवणारा मिनेगिशी

मित्रांनो, या मैदानाचा डावीकडचा जुना गोलखांब तो मीच. जपान समुद्राच्या काठावरच्या या गावात सव्वीस वर्षं वारा आणि बर्फ खात उभा आहे. आधीच सांगून टाकतो, गोलरक्षक नावाच्या प्राण्याबद्दल मला काडीचा आदर नाही. बाकीचे दहा जण धावून मरतात आणि हा हातमोजे घालून माझ्याशेजारी उभा! चेंडू मला आपटून बाहेर गेला की टाळ्या मात्र त्याला.

त्यातही मिनेगिशी म्हणजे कहर. तेविसाव्या वर्षी क्लबात आला, चौतिशीला टेकला आणि अकरा हंगामांत खेळला किती सामने? चार! उरलेला काळ बाकावर बसण्यात आणि माफ्या मागण्यात गेला. सरावात गोल झाला की वाकायचा, गोल अडवला तरी मारणाऱ्यापुढे वाकायचा. रोज सकाळी मलाही वाकून म्हणायचा, "आज सांभाळून घ्या हं." अरे बाबा, मी काय सांभाळणार, कपाळ!

प्रशिक्षक त्सुबोई त्याच्यावर खेकसायचे, "मिनेगिशी, 'माझा' म्हणून असा ओरड की बचावपटू घाबरून बाजूला झाले पाहिजेत! तू तर बँकेत पासबुक मागितल्यासारखा बोलतोस."

"हो सर. चुकलं सर."

"परत चुकलं?" त्सुबोई डोक्याला हात लावायचे.

मागच्या हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी पहिल्या गोलरक्षकाचं बोट मोडलं आणि या महाशयांचा नंबर लागला. बरोबरी झाली तर क्लब तिसऱ्या श्रेणीत टिकणार होता, हरला तर हौशी संघांत जाणार होता. मिनेगिशीला तर कार्यालयाने स्पष्टच सांगितलं होतं, संघ टिकला तर आणखी एका वर्षाचा करार, नाहीतर नमस्कार.

कबूल करतो, तो बरा खेळला. सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल नव्हता. मग कोपऱ्यातून उंच चेंडू आला. मिनेगिशी झेपावला आणि ओरडला, "माझा!" अकरा वर्षांत तो असा कधी ओरडला नव्हता. तरी कर्णधार असानुमा उडी मारून मध्ये आलाच. मिनेगिशीने चेंडू पकडला, पण त्याचं कोपर असानुमाच्या नाकावर बसलं. रक्त आलं. असानुमा आडवा झाला.

पंचांची शिट्टी वाजली नव्हती. शहाणा माणूस चेंडू छातीशी धरून बसला असता. पण आमचे हे! कर्णधार वयाने मोठा, त्याचं नाक आपण फोडलं, मग हातात चेंडू घेऊन माफी कशी मागायची? तो असभ्यपणा झाला ना! म्हणून त्याने चेंडू गवतावर नीट ठेवला, हात मांड्यांना लावले आणि कमरेत वाकला. प्रतिस्पर्ध्यांचा आघाडीपटू मागून आला आणि त्याने चेंडू पायाने आत ढकलला. माझ्यासमोरून तो चेंडू रमतगमत गोलात गेला.

हरलो. सगळे खेळाडू प्रेक्षकांपुढे रांगेत उभे राहून वाकले. वरून कुणीतरी ओरडलं, "मिनेगिशी, आता घरी जाऊन बायकोपुढे वाक!" लोक हसले. मीही मनातल्या मनात हसलो. नाकात कापूस घातलेला असानुमा गप्प उभा होता.

आठवड्याने मिनेगिशीला कार्यालयातून नमस्कार मिळाला. तो आपलं सामान न्यायला आला, तेव्हा असानुमाने त्याला माझ्याजवळ गाठलं.

"मिनेगिशी, तुझी हाक मला ऐकू आली होती. मला तुझा भरवसा वाटला नाही, म्हणून मध्ये आलो."

"माहीत आहे."

"मग तू कुणाला बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं."

असानुमाने नाक चाचपलं. "माझ्या करारावर काल सही झाली रे."

"अभिनंदन, कर्णधार," मिनेगिशी म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला. या वेळी तो कुणापुढेही वाकला नाही.

मला स्वतःची लाज वाटली. अकरा वर्षं मी भलत्याच माणसाला हसत होतो.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझं काही अडत नाही. फक्त खेळताना मागून कुणी "माझा" म्हणून ओरडलं, तर बाजूला व्हा. आणि ऐकूनही मध्ये घुसलात, तर निदान त्याच संध्याकाळी, सगळ्यांसमोर, तोंड उघडा.